पायाखालचे पाणी (भाग 7) : पंपाशेजारची विहीर

जांभ्यात पाणी कसे मुरते, ते मागच्या भागात पाहिले. त्याच जांभ्यात आता पेट्रोलची टाकी पुरलेली आहे असे धरा. पंपावर रोज सकाळी टाकीत डिप रॉड सोडून साठा मोजतात. तळाशी पाणी शिरले आहे का, हे रॉडच्या टोकाला लावलेल्या वॉटर पेस्टच्या रंगावरून ओळखतात. मोठी गळती या हिशेबात सापडते. जोडातून थेंब थेंब झिरपणारे पेट्रोल मात्र बाष्पीभवन आणि तापमानाच्या चढउतारात खपून जाते.

थेंबांनी काय बिघडते? पेट्रोलमध्ये बेंझिन हा कर्करोगकारक घटक आकारमानाने 1 टक्क्यापर्यंत चालतो. म्हणजे 1 लिटर पेट्रोलमध्ये फार तर 10 मिलिलिटर, वजनाने पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास. आयएस 10500 या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातली बेंझिनची मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम आहे. हे सगळे बेंझिन पाण्यात उतरले, तर जवळजवळ पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला टेकते. आणि बेंझिनचा वास नाकाला जाणवायला याच्या शेकडो पट प्रमाण लागते. त्यामुळे ‘वास येत नाही, म्हणजे पाणी चांगले’ हा आपला घरगुती निकष इथे कामाचा नाही.

म्हणून पंपाच्या आवारात निरीक्षण विहिरी घेतात. ही आपली चिरेबंदी विहीर नव्हे. दोन-चार इंच व्यासाचा पीव्हीसी पाइप जमिनीत उतरवलेला असतो, पाण्याच्या पातळीच्या टप्प्यात त्याला बारीक फटी असतात, भोवती स्वच्छ वाळू, वर बेंटोनाइट मातीचा बूच आणि झाकण. एका विहिरीने भागत नाही. तीन विहिरींतल्या पातळ्या मोजल्या की पाणी कुठल्या बाजूला सरकते ते कळते. विहिरी फक्त वरच्या बाजूला घेतल्या असतील, तर अहवाल कायम स्वच्छच येणार.

रत्नागिरीत खरी अडचण फटींच्या जागेची आहे. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, ते पातळीवर तरंगते. इथे चार महिन्यांत 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, सच्छिद्र जांभा भरतो, आणि मे महिन्यात सड्यावरच्या विहिरींचा तळ दिसतो. पातळी उतरते तशी पेट्रोलही खाली जाते आणि वाटेतल्या छिद्रांना चिकटून राहते. पावसाळ्यात पाणी चढले की ते त्याच्याखाली अडकते आणि सावकाश विरघळत राहते. फटी आखूड असल्या, तर भर पावसात तरंगता थर फटींच्या वर राहून विहिरीत येतच नाही, आणि उन्हाळ्यात विहीर कोरडी. देशावरच्या कातळाचा आराखडा उचलून इथे विहिरी घेणे म्हणजे पैसे पाण्यात.

नमुना घेणे हेही चिकाटीचे काम. पाइपात साचून राहिलेले पाणी आधी काढायचे, तेही सावकाश, मिनिटाला अर्ध्या लिटरहून कमी वेगाने. सामू आणि विद्युतवाहकता स्थिरावली की मगच नमुना. तो 40 मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत काठोकाठ भरायचा. बुडबुडा राहिला तर बेंझिन पाण्यातून निघून त्यात शिरते. आम्लाचे थेंब घालून कुपी बर्फात ठेवायची आणि 14 दिवसांत तपासायची. सुरुवात सर्वांत स्वच्छ विहिरीपासून. नमुना घेणाऱ्याने वाटेत स्वतःच्या गाडीत पेट्रोल भरले असेल, तर हातमोजे बदलल्याशिवाय कुपीला हात लावू नये. हा माझा तिरकसपणा नव्हे, कामाचा साधा नियम आहे.

2020 च्या जानेवारीत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, दहा किंवा अधिक खाटांचे रुग्णालय आणि निवासी वस्ती यांपासून 50 मीटर अंतर, हा त्यातला सर्वांना ठाऊक झालेला भाग. पण जमिनीखालचे पाणी उताराने जाते, ते मीटर मोजत नाही. 2013 साली चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये घरांच्या बोअरवेलमधून तेल येऊ लागले, तेव्हा कुठे रहिवाशांना कळले की जमिनीखालची तेलवाहिनी गळते आहे. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे. मातीतले जिवाणू आधी ते खातात आणि त्यात प्राणवायू संपवतात, म्हणून बेंझिन जास्त दूरवर पोहोचू शकते.

तेव्हा कुणी ‘पाणी तपासले, ठीक आहे’ असे सांगितले, तर दोन गोष्टी विचारा: नमुना कुठल्या महिन्यात घेतला आणि त्या दिवशी पाण्याची पातळी किती होती? एकट्या मे महिन्याच्या अहवालावर मी विश्वास ठेवणार नाही. पाऊस पडून पातळी चढतानाचा एक आणि ऑक्टोबरमधला एक, असे दोन तरी हवेत. आणि तुमच्या विहिरीच्या पाण्याला पेट्रोल-रॉकेलसारखा वास आलाच, तर ते उकळू नका, वाफ स्वयंपाकघरात पसरेल. पिणे, आंघोळ थांबवा, विहिरीजवळ विस्तव नेऊ नका आणि ग्रामपंचायतीला व प्रदूषण नियंत्रण मंडळाला तारीख घालून लेखी कळवा.