दाबायची काच, टेकवायची काच

बोटानं चालणारी काच मी पहिल्यांदा पाहिली ती तारापूर एमआयडीसीत, रिअॅक्टरच्या पॅनेलवर. मी इन्स्ट्रुमेंटवाला. ऑपरेटर रबरी हातमोज्यासकट तापमानाचा आकडा दाबायचा आणि काच मुकाट ऐकायची. तिच्यात दोन पापुद्रे असतात, मधे बारीकशी फट. दाब पडला की पापुद्रे एकमेकांना टेकतात आणि कुठे टेकले ते विजेवरून कळतं. बोट असो की पेनाचं टोपण, तिला सगळं सारखंच.

म्हणून २०११ च्या ऑक्टोबरात ‘आकाश’ टॅब आला आणि लोक त्याच्या काचेला हसायला लागले, तेव्हा मला राग आला होता. सात इंचांचा, सरकारला २,२७६ रुपयांना पडणारा तो टॅब. काच आमच्या पॅनेलच्याच जातीची. पण आदल्याच वर्षी आयपॅड आला होता. त्याची काच बोटामुळे आपल्या विजेत पडणारा फरक ओळखते, नुसतं टेकवलं की पुरे. जाड रबरी हातमोजा घातला की मात्र ती बहिरी. तापमानाचा सेटपॉइंट दिवसातून चारदा बदलायचा आणि पुस्तकाची दोनशे पानं सरकवायची, यात फरक आहे, हे मलाही मान्य करावं लागलं. पुढे पवईच्या आयआयटीत प्रा. दीपक फाटक यांनी ‘आकाश’चं काम हाती घेतलं, आणि ११ नोव्हेंबर २०१२ ला आलेल्या ‘आकाश-२’ला टेकवायची काच मिळाली.

हातात धरायच्या संगणकाची कल्पना तशी जुनी. अमेरिकेत अॅलन के यांनी १९७२ मध्येच मुलांसाठी वहीएवढ्या संगणकाचा, ‘डायनाबुक’चा, आराखडा मांडला, नमुना पुठ्ठ्याचा. आपल्याकडे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी २००१ मध्ये ‘सिम्प्युटर’ दाखवला. तो तळहातावर मावायचा आणि वाचता न येणाऱ्याला मजकूर बोलून दाखवायचा. फारसा खपला नाही. मला मात्र आयपॅडपेक्षा त्याचंच कौतुक जास्त.

माझी स्वतःची अडचण निराळीच. डहाणू लोकलमध्ये वाचायला म्हणून एक स्वस्त टॅब घेतला (कंपनीचं नाव नको), तर मराठीच्या जागी नुसते चौकोन! त्या काळच्या अँड्रॉइडला देवनागरी जुळवता येत नसे. कुठे अक्षरं दिसलीच तर ‘किल्ला’तली वेलांटी ‘क’च्या पाठीमागे जाऊन बसायची आणि जोडाक्षराचा पाय मोडायचा. अमेरिकेत किंडल हे वाचनयंत्र २००७ मध्ये निघालं. त्यावर मराठी पुस्तकांचं दालन उघडायला २०१६ चा डिसेंबर उजाडला.

आता माझ्याकडे तसलं यंत्र आहे. त्याच्या पडद्यात केसाच्या जाडीच्या कुप्या, कुपीत काळे-पांढरे कण. वीज दिली की हवा तो रंग वर येतो आणि तिथेच बसतो, म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. पडदा स्वतः उजळत नाही, कागदासारखा बाहेरचा उजेड परतवतो. उमरोळी स्टेशनात लोकलच्या दारातून ऊन आत आलं की फोनवाले हाताचा आडोसा करतात. मी वाचत राहतो.

परवा शेजारी बसलेल्या जुन्या ऑपरेटरनं ते मागून घेतलं. सवयीनं अंगठा असा रेटला की यंत्र मांडीत रुतलं.

“अहो शेठ, दाबू नका, टेकवा नुसतं.”

“टेकवलं तर कळतं कसं त्याला?” म्हणाला, आणि पुन्हा दाबलं.