पायांच्या फुगलेल्या शिरा : घोट्याकडे लक्ष असू द्या

काही वर्षांपूर्वी एका सकाळी दवाखान्याशेजारच्या इमारतीतून तातडीचे बोलावणे आले. सत्तरी ओलांडलेल्या एका आजींची घोट्याजवळची फुगलेली शीर अंघोळीनंतर पाय पुसताना फुटली होती. मी पोहोचलो तेव्हा आजी खुर्चीत पाय खाली सोडून बसल्या होत्या. सुनेने जखमेवर हळद भरली होती आणि मुलाने गुडघ्याखाली दोरी आवळली होती. तरीही रक्त वाहतच होते. आजींना जमिनीवर निजवले, दोरी सोडली, पाय उशांवर उंच ठेवला आणि स्वच्छ रुमालाची घडी जखमेवर दाबून धरली. दहा मिनिटांत रक्त थांबले. घरच्यांनी जे केले ते मायेपोटीच केले. पण खुर्ची आणि दोरी या दोहोंमुळे रक्तस्राव वाढला होता. असे का व्हावे, हे उमगले की हा संपूर्ण विकार उमगतो.

झडपा निकामी होतात तेव्हा

पायांकडील अशुद्ध रक्त हृदयाकडे नेणाऱ्या रक्तवाहिन्या म्हणजे नीला, बोलीभाषेत शिरा. आपण स्तब्ध उभे असताना घोट्याजवळच्या शिरेतील दाब, रक्तदाबाच्याच मापाने सांगायचे तर, ८० ते ९० पर्यंत असतो. आपण चालू लागलो की पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात, शिरांमधील झडपा ते खाली परतू देत नाहीत आणि निरोगी पायातील हा दाब ३० च्या आसपास उतरतो. झडपा निकामी झाल्या की वर गेलेले रक्त पुन्हा खाली घसरते, दाब चढाच राहतो आणि शीर फुगून वेडीवाकडी होते. हीच अपस्फीत नीला, अर्थात व्हेरिकोज व्हेन.

आजी बसलेल्या असल्याने तो दाब कायम होता. दोरीने रक्ताचा वर जाणारा मार्ग अडला, मात्र खोलवरच्या रोहिणीतून येणारे रक्त चालूच राहिले. आडवे होऊन पाय हृदयाच्या पातळीहून उंच केला की हा दाब लगेच उतरतो.

वाढते वय, घराण्यातील वारसा, बाळंतपणे, स्थूलपणा आणि वर्षानुवर्षे उभ्याने केलेले काम ही या विकाराची नेहमीची कारणे. निवृत्त शिक्षक, बसवाहक आणि आचारी यांच्या पायांवर त्यांच्या नोकरीचा इतिहासच जणू लिहिलेला असतो.

शीर नव्हे, त्वचा पाहा

त्वचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसणाऱ्या, एक मिलिमीटरहून बारीक लाल-निळ्या रेषा म्हणजे स्पायडर व्हेन्स. त्या बहुधा निरुपद्रवी असतात. मात्र घोट्याच्या आतील बाजूस त्यांचा पंख्यासारखा पसारा दिसू लागला, तर आतील शिरांतील दाब वाढल्याची ती खूण समजावी.

मोठ्या शिरांच्या बाबतीतही शीर किती जाड दिसते यापेक्षा घोट्याभोवतालची त्वचा अधिक काही सांगते. प्रथम संध्याकाळी पाय जड होतो, सुजतो. मग खाज सुटते. शिरेबाहेर झिरपलेल्या रक्तपेशींतील लोहामुळे त्वचा तपकिरी-काळी पडते, पुढे कडक होते आणि अखेरीस किरकोळ खरचटण्याने न भरणारा व्रण होतो. या खाजेला नायटा समजून दुकानातून मलमांच्या नळ्या आणल्या जातात. व्रणाला 'मधुमेहाची जखम' म्हणून महिनोन्महिने नुसती मलमपट्टी होते. मूळ कारण वर, निकामी झडपेत असते.

प्रत्येक सूज मात्र शिरांची नसते. दोन्ही पायांची सूज हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताच्या विकाराने, तसेच अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीनेही येते. गोळी स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. तेव्हा पाय चोळू नये. त्याच दिवशी तपासणी करावी. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखले, तर थेट रुग्णालय गाठावे.

उपचार कोणते?

उभे राहून केलेल्या डॉपलर सोनोग्राफीत कोणती झडप गळते ते कळते. दाब देणारे मोजे सूज आणि जडपणा कमी करतात. पण ते घेण्याआधी पायाच्या रोहिण्यांतील रक्तप्रवाह तपासून घेणे अत्यावश्यक आहे, विशेषतः मधुमेही आणि तंबाखू सेवन करणाऱ्यांनी. प्रवाह मंद असताना घट्ट मोजा घातल्यास पायाला इजा होते. मोजे सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी चढवावेत, रात्री काढावेत. हातमोजे घालून ओढले की पकड चांगली बसते. वरची कड दुमडू देऊ नये. तीच दोरीसारखी आवळते.

निकामी शीर लेझरने किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने आतून बंद करता येते, अथवा तिच्यात फेसाळ औषध टोचता येते. बहुधा जागा बधिर करून हे उपचार होतात आणि रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. केवळ वय झाले म्हणून ते नाकारण्याचे कारण नाही. "शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?" असे आजी-आजोबा हमखास विचारतात. पायातील बहुतांश रक्त खोल शिरांतूनच वर जाते. गळकी शीर बंद झाल्याने त्यांचा भार हलकाच होतो. शिरांमुळे व्रण झाला असेल तर वाट पाहत बसू नये. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ४५० रुग्णांच्या अभ्यासात, दाबपट्टीसोबत शीर लवकर बंद केलेल्यांचे व्रण भरण्यास मध्यमानाने ५६ दिवस लागले, तर हा उपचार पुढे ढकललेल्यांना ८२ दिवस. पुढे नव्या शिरा फुगू शकतात, म्हणून पायांची निगा चालूच ठेवावी लागते.

घरी काय करावे?

रोज चालावे. ओट्याचा आधार घेऊन दहा-पंधरा वेळा टाचा उचलाव्यात. दुपारी अर्धा तास आडवे होऊन पाय उशांवर ठेवावेत. खुर्चीत बसून पाय स्टुलावर ठेवणे पुरेसे नाही, कारण ते हृदयाहून खालीच राहतात. दूरदर्शनसमोर पाय लोंबकळत ठेवून झोपी जाण्याची सवय मोडावी. त्वचेला हलक्या हाताने खोबरेल लावावे. जोरात मालिश नको.

शीर फुटल्यास

१. रुग्णाला जिथल्या तिथे आडवे करा.
२. पाय हृदयाहून उंच धरा.
३. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर दहा ते पंधरा मिनिटे दाबून धरा; मध्ये उचलून पाहू नका.
४. दोरी बांधू नका; हळद, कॉफी भरू नका.
५. रक्त थांबल्यावर घडीवर पट्टी बांधा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास सांगा. रक्त थांबत नसेल तर दाब न सोडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

एकटे राहणाऱ्यांनी हे आधीच मनात ठसवावे : प्रथम आडवे व्हायचे, मग मदतीला हाक मारायची.

त्या आजींच्या घोट्याजवळची त्वचा चार वर्षांपासून काळवंडली होती, हे मला त्या सकाळी कळले. साडीच्या काठाखाली ते कुणाला दिसले नव्हते आणि "एवढ्यासाठी काय सांगायचे" म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. पुढे त्यांची शीर बंद करण्यात आली आणि आज त्या मोजे घालून मंदिरापर्यंत चालत जातात. आपल्या घरातील ज्येष्ठांना या रविवारी उजेडात बसवून त्यांचे दोन्ही घोटे एकदा नीट पाहा.