प्रशिक्षण एका दिवसाचे, सराव आठवड्याचा

जन्मल्यावर बाळ रडले नाही, तर पहिले मिनिट निर्णायक असते. अंग कोरडे करणे, गरज असल्यास तोंड-नाक मोकळे करणे, पाठ चोळणे आणि तरीही श्वास सुरू झाला नाही तर अंबू बॅगने हवा देणे, हे सारे साठ सेकंदांत व्हावे लागते. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने २०१० मध्ये आणलेला 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' हा अभ्यासक्रम या एका मिनिटाभोवती रचलेला आहे. जिथे डॉक्टर हाकेच्या अंतरावर नसतो, तिथल्या परिचारिकेसाठी तो आहे.

त्यातली 'निओनॅटली' ही बाहुली नॉर्वेच्या लेर्डाल कंपनीची. कोमट पाणी भरले की ती हाताला नवजात बाळासारखी जड आणि ऊबदार लागते. शिकवणारी व्यक्ती रबरी फुगा दाबून नाळेत ठोके आणते किंवा थांबवते. मास्क चेहऱ्यावर नीट बसला नाही किंवा मान जास्त वाकली, तर छाती वर येत नाही. मग मास्क पुन्हा बसवायचा, मान सरळ करायची, तोंड साफ करून किंचित उघडायचे आणि बॅग जरा जोरात दाबायची. छाती हलू लागली की मिनिटाला साधारण चाळीस श्वास द्यायचे.

एका वाचक परिचारिकेने विचारले, "एकदा शिकून प्रमाणपत्र मिळाल्यावर पुन्हा बाहुली कशासाठी?" प्रश्न मुळालाच हात घालतो.

याचे उत्तर टांझानियाच्या उत्तरेतील हायडम या ग्रामीण रुग्णालयात मिळते. तिथे २०१० मध्ये एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. काही महिन्यांनी तपासले, तेव्हा बाहुलीवरचे काम सुधारलेले होते, पण प्रसूतिकक्षातल्या खऱ्या बाळांवरचे उपचार बदललेले नव्हते. परीक्षेच्या टेबलावरचे कौशल्य मध्यरात्रीच्या धांदलीत आपोआप हाती येत नाही. शिवाय अशी बाळे रोज जन्मत नाहीत, त्यामुळे शिकलेला हात महिन्या-दोन महिन्यांत अवघडतो.

२०११ पासून तिथे पद्धत बदलली. बाहुली कपाटातून प्रसूतिकक्षात आली. आठवड्याला तीन ते पाच मिनिटे सराव, महिन्याला सुमारे चाळीस मिनिटांची उजळणी, आणि हे सगळे रुग्णालयातल्याच सहकाऱ्यांच्या पुढाकाराने. त्यानंतर पहिल्या चोवीस तासांतले नवजात मृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. चोळून चेतवण्याचे प्रमाण वाढले आणि बॅग लागणारी बाळे कमी झाली, म्हणजे आधीच्या पायऱ्या वेळेत होऊ लागल्या.

प्रत्येक ठिकाणी मात्र असे घडत नाही. नागपूर, बेळगाव आणि केनिया इथे झालेल्या एका मोठ्या अभ्यासात प्रशिक्षणानंतर मृत्युदरात सगळीकडे सारखी घट दिसली नाही. प्रशिक्षण हे पहिले पाऊल आहे, पुढची जबाबदारी त्या-त्या रुग्णालयाची. म्हणून मर्यादित साधनांच्या रुग्णालयाने बाहुली घेतानाच तीन गोष्टी ठरवाव्यात: ती प्रसूतिकक्षात कुठे राहील, सराव कोणत्या पाळीत होईल आणि तो कोण घेईल. यांपैकी एकाही गोष्टीला मोठा खर्च लागत नाही.