संकटाच्या रात्रीं किल्ली कोणाजवळ?

प्लेगच्या सालीं आमच्या पणजीनें घर कसें सोडलें, ही हकीकत आमच्या कुटुंबांत अजून सांगितली जाते. उंदीर पडल्याची बातमी येतांच थोरल्या सुनेनें देव उचलावयाचे, धाकटीनें पाळण्यांतलें मूल, आत्याबाईंनीं पिठाचा डबा व मिठाची बरणी घ्यावयाची, आणि ज्यांना डोळ्यांनीं कमी दिसे त्या आजोबांनीं ठरलेल्या नातवाचा हात धरून दाराशीं उभें राहावयाचें. गांवाबाहेरच्या झोपडींत पोंचल्यावर पणजी प्रथम माणसें मोजी आणि मगच चूल पेटवी. यांतलें एक अक्षरहि कोठें लिहिलेलें नव्हतें. परंतु सहा वर्षांच्या पोरालाहि आपण काय उचलावयाचें तें ठाऊक होतें.

एकत्र कुटुंबाला जें इतक्या सहजपणें साधलें, तें आपल्या सेवासंस्थांना अद्याप साधलेलें नाहीं. वसतिगृहें, वृद्धाश्रम, महिलामंडळें, अन्नछत्रें अशा कामांना आपण हात घालतों, तेव्हां घटना लिहितों, पोटनियम करतों, वार्षिक अहवाल गुळगुळीत कागदावर छापतों. परंतु रात्रीं दोन वाजतां पाणी उंबऱ्याला लागलें तर कोणीं काय करावयाचें, हा विषय कार्यकारी मंडळाच्या सभेपुढें कधीं येत नाहीं. दुसऱ्यांना नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हीहि त्यांतलेच आहों, आणि तीच गोष्ट प्रथम सांगणें बरें.

दौंड तालुक्यांत, भीमेच्या कांठापासून फार लांब नसलेल्या एका गांवीं वृद्धांसाठीं चालविलेलें एक लहानसें घर आहे. त्याच्या कागदांवर सल्लागार म्हणून आमचें नांव छापलेलें असतें. कांहीं वर्षांपूर्वीं राखीपौर्णिमेच्या रात्रीं तेथें गांवचीं चार पोरें धांवत आलीं व वर धरणांचें पाणी सोडलें आहे, ताबडतोब निघा, असें सांगूं लागलीं. पावसाचा थेंब नव्हता. चांदणें टिपूर पडलें होतें. त्यामुळें पहिला अर्धा तास कोणाचा विश्वासच बसेना. व्यवस्थापक सणासाठीं बहिणीकडे गेले होते. घरांत होत्या त्या स्वयंपाकाच्या मावशी आणि एक वयस्क पहारेकरी. औषधें, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, नातेवाइकांचे पत्ते, रोख रक्कम व माणसांचें नोंदणीपुस्तक हें सर्व एका लोखंडी कपाटांत, आणि कपाटाची किल्ली चिटणिसांच्या खिशांत पुण्यास!

पोरांनीं टेंपो आणला. मावशींनीं फळ्यावरच्या यादीवरून नांवें पुकारलीं, एकतीस माणसें चढविलीं, उंचावरच्या शाळेंत नेऊन उतरविलीं व पुन्हां मोजलीं. एकतीस बरोबर भरलीं. पहांटे चहा होत असतांना एक आजी सहज म्हणाल्या, "माझ्या शेजारच्या खाटेवरची ती नवी बाई दिसत नाहीं ती?" त्या नव्या बाई चारच दिवसांपूर्वीं दाखल झाल्या होत्या. त्यांचें नांव नोंदणीपुस्तकांत होतें, फळ्यावर चढावयाचें राहिलें होतें. शिवाय त्यांना ऐकूं कमी येई. पोरें परत गेलीं तों अंगणांत गुडघाभर पाणी. अंधाऱ्या खोलींत बाई पाय वर घेऊन, मांडीवर गांठोडें ठेवून खाटेवर बसल्या होत्या. "मला वाटलें, तुम्ही सगळीं देवळांत गेलां," एवढेंच त्या म्हणाल्या. ओट्याच्या तीन पायऱ्यांपैकीं दोन बुडाल्या होत्या.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा पाठपुरावा करीत आहों.

शिरूर व दौंड हे तालुके पर्जन्यछायेंतले. येथील वृद्धांच्या बोलण्यांत दुष्काळ येतो, १९७२ साल येतें. पूर क्वचितच येतो. पण नदी कांहीं एकट्या या तालुक्यांची नव्हे. शिरूर गांवाला लोक अजून जिच्या नांवानें घोडनदीच म्हणतात, ती नदी सह्याद्रीच्या माथ्याकडून येते व तिच्यावर वरच्या अंगाला डिंभें धरण आहे. भीमा दौंडास पोंचेपर्यंत इंद्रायणी आणि मुळा-मुठा यांना पोटांत घेऊन येते, म्हणजे चासकमान, पवना, मुळशी, खडकवासला या सर्व बाजूंचें सोडलेलें पाणी तिच्यांत असतें. म्हणून दौंडास कडकडीत ऊन असतांना भीमेला पूर येऊं शकतो. दौंड येथें आज किती क्युसेक पाणी वाहत आहे, हें सोलापूर-पंढरपूरकडील लोक डोळ्यांत तेल घालून पाहतात, कारण तें पुढें उजनींत जावयाचें असतें. ज्यांच्या दारावरून तें जातें, त्यांनीं मात्र तो आंकडा पाहूं नये, हें नवल आहे. याच घोडनदीच्या खोऱ्यांत, आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांव ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं डोंगर खचून गाडलें गेलें व दीडशेंहून अधिक माणसें गेलीं.

पाण्याचें भय कमी म्हणून कीं काय, नव्या काळानें दुसरें एक आणून ठेवलें आहे. दौंड तालुक्यांतील कुरकुंभ येथें रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. २०१९ च्या ऑगस्टांत तेथील एका कारखान्यास रात्रीं मोठी आग लागली, तेव्हां आसपासचे लोक भयानें घरें सोडून निघाले. पुराच्या वेळीं उंचावर जावें हें शेंबड्या पोराला समजतें. वायूच्या वेळीं प्रथम वारा कोठून वाहतो तें पाहावें, वाऱ्याबरोबर न धांवतां आडव्या दिशेनें निघावें, आणि निघतां येत नसेल तर दारें-खिडक्या बंद करून फटींत ओलीं फडकीं कोंबावीं, हें मोठमोठ्या पदवीधरांसहि माहीत नसतें. ज्या वसतिगृहांत साठ मुली झोंपतात, तेथें निदान एकीला तरी तें माहीत असावयास नको काय?

बाहेरून मदत येणार नाहीं असें नव्हे. दौंडास राज्य राखीव पोलीस दलाचे तळ आहेत. राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाची तुकडी मावळच्या बाजूस सुदुंबरें येथें असते. २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्यानें जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालीं प्राधिकरण नेमलें आहे. पण सुदुंबऱ्याहून गाडी दौंडास येईपर्यंतचे तास आपले आपणच काढावयाचे असतात, आणि माणूस राहून जातें तें त्याच तासांत.

या दृष्टीनें आपल्याच तालुक्यांतील एक जुनें उदाहरण फार बोलकें आहे. पुणें-सोलापूर लोहमार्गावरील केडगांव येथें पंडिता रमाबाईंनीं उभारलेली मुक्ति ही संस्था आहे. रमाबाईंच्या धर्मान्तराविषयीं आणि १८९३ च्या वादाविषयीं आपल्या घरांतून पुष्कळ बोललें गेलें आहे. तें येथें उगाळण्याचें प्रयोजन नाहीं. आम्हांस पाहावयाची आहे ती त्यांची गृहिणीची नजर. दुष्काळ म्हणजे काय हें त्या पुस्तकांतून शिकल्या नव्हत्या. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांतील दुष्काळांत त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे व आई लक्ष्मीबाई हीं दोघेंहि उपासमारीनें गेलीं होतीं.

१८८९ मध्यें मुंबईस काढलेलें व पुढल्या वर्षीं पुण्यास आणलेलें शारदासदन अमेरिकेंतील मंडळीच्या मदतीवर चाले, आणि ती मदत दहा वर्षांपुरतीच कबूल केलेली होती. मुदत संपल्यावर काय, हा विचार रमाबाईंनीं मुदत संपण्याची वाट न पाहतां केला. केडगांवीं जमीन घेऊन तेथें फळबाग लावण्यास आरंभ केला, म्हणजे पुढें संस्थेस स्वतःचें उत्पन्न व्हावें. १८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे जाऊन निराधार मुली घेऊन आल्या. तों १८९७ च्या आरंभीं पुण्यांत प्लेगचे निर्बंध सुरू झाले आणि इतक्या मुलींना शहरांत ठेवणें अशक्य झालें. अशा वेळीं दुसरी एखादी संस्था मुलींना आल्या वाटेनें परत धाडती. येथें मात्र जाण्यास जागा होती. रेल्वेनें नेतां येईल अशी, शहरापासून दूर अशी. तात्पुरत्या छपरांखालीं कां होईना, मुली केडगांवीं राहिल्या. विहिरी खणल्या, पक्कीं घरें झालीं. १८९९-१९०० चा दुष्काळ आला तेव्हां गुजराथेकडूनहि मुली आल्या व संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. एवढा संसार एका बाईच्या धांवपळीनें चालणें शक्य नव्हतें. मोठ्या मुलींच्या हवालीं लहान मुली केलेल्या असत. कोणती मुलगी कोणाच्या ओट्यांत आहे हें ठरलेलें असे. आमच्या पणजीच्या झोपडींतला नियम तो हाच.

फळबाग प्लेगसाठीं लावली नव्हती, हें आम्ही जाणतों. पण एका संकटाचा आधीं विचार केला कीं तो दुसऱ्या संकटांतहि उपयोगी पडतो. संस्थांना जाण्यास दुसरी जागा हवी, आणि ती आज ठरलेली हवी. शिरूरच्या संस्थेनें दौंडच्या संस्थेशीं लेखी जोड करावी: तुमच्यावर प्रसंग आला तर तुमचीं तीस माणसें आठ दिवस आमच्याकडे, आमच्यावर आला तर आमचीं तुमच्याकडे. दोन्हीं गांवांवर एकाच रात्रीं संकट येण्याचा संभव कमी. यास एक कागद व दोन सह्या लागतात, पैसा लागत नाहीं.

बाकीच्या गोष्टी अगदीं घरगुती आहेत. माणसांची यादी स्वयंपाकघराच्या दाराशीं, रोज संध्याकाळीं हातानें दुरुस्त केलेली. कपाटाच्या दोन किल्ल्या, आणि दोन्हीं रात्रीं तेथेंच झोंपणाऱ्यांजवळ. प्रत्येकाच्या आठ दिवसांच्या औषधांची नांव घातलेली पिशवी. थोडी रोकड. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८ व सर्वसाधारण मदतीचा ११२ हे क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत. मोबाइलांत आहेत हें उत्तर पुरेसें नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें व मागोमाग खडकवासलाहि फुटलें, तेव्हां पुण्यासारख्या शहराचे दिवे व दूरध्वनि बंद पडले, आणि रस्त्यांतून पूर वाहून गेलेल्या गांवांत नळाला पिण्याचें पाणी नव्हतें!

आणखी एक प्रश्न सभेंत आधींच सोडवून ठेवावा. संकटांत संस्थेचें कोणतें काम बंद करावयाचें आणि कोणतें कांहीं झालें तरी चालूं ठेवावयाचें? २०२० च्या टाळेबंदींत आमच्या परिचयाच्या एका महिलामंडळानें व्याख्यानमाला, सहली, हळदीकुंकू सर्व थांबविलें; परंतु एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे डबे एक दिवसहि चुकविले नाहींत, कारण त्यांच्या अध्यक्षीणबाईंनीं पहिल्याच दिवशीं तेवढें एकच काम निवडलें होतें. दुसऱ्या एका मंडळानें सर्वच कामें चालूं ठेवण्याचा निश्चय केला व पंधरा दिवसांत सर्वच बंद पडलीं.

असें कांहीं सुचविलें कीं, "अभद्र कशाला बोलावें?" असें म्हणणारे सभासद निघतातच. आमच्या सभेंतहि निघाले. त्यांना आम्हीं आँरी द्युनां यांची गोष्ट सांगितली. १८५९ मध्यें सोल्फेरीनोच्या रणांगणावर जखमी लोक केवळ व्यवस्थेच्या अभावीं मरतांना पाहून त्यांनीं १८६२ त एक पुस्तक लिहिलें. त्यांचें मुख्य मागणें हेंच होतें कीं, शुश्रूषेसाठीं मंडळें शांततेच्या काळांतच स्थापन झालीं पाहिजेत. त्यांतूनच पुढें रेडक्रॉस निघाली. पण खरें सांगावयाचें तर द्युनांच्या गोष्टीनें कोणाचें मन वळलें नाहीं. मावशींनीं उठून पायऱ्यांची गोष्ट पुन्हां सांगितली, तेव्हां वळलें.

आतां त्या घरीं दर अमावास्येस संध्याकाळीं घंटा वाजते. चिटणिसांनीं दुसरी किल्ली मावशींच्या स्वाधीन केली आहे. ज्यांना चालवत नाहीं त्यांच्या खुर्च्या कोणी ढकलावयाच्या, ज्यांना ऐकूं येत नाहीं त्यांच्या खांद्यास कोणी हात लावावयाचा, हें ठरलेलें आहे. पहिल्या खेपेस सर्वांना अंगणांत येण्यास पंचवीस मिनिटें लागलीं व दोन आजोबा चपला शोधीत आंतच राहिले. गेल्या खेपेस अकरा लागलीं. मोजण्याचें काम त्या नव्या बाईंनीं मागून घेतलें आहे. आतां त्यांना नवी म्हणण्याचेंहि कारण नाहीं. ऐकूं येत नसल्यामुळें त्या फार मोठ्यानें मोजतात, आणि पहिला आंकडा स्वतःच्याच छातीवर हात ठेवून म्हणतात.