उघडी माती आणि पहिला पाऊस

मुंबई-गोवा महामार्ग रुंद करण्यासाठीं चिपळूणजवळचा परशुराम घाट कापला जात असतां, २०२१ च्या जुलैंत पायथ्याच्या पेढे गांवावर दरड कोसळली. दरड आणि धूप हीं एक नव्हेत. परंतु दोहोंचा उपाय डोंगरमाथ्यावरचें पाणी वळविण्यापासूनच सुरू होतो.

टपोरा थेंब सेकंदास सुमारें ९ मीटर वेगानें जमिनीवर येतो. गवत असेल तर तो मार पात्यांवर बसतो. उघड्या मातीवर बसला, कीं कण सुटतात, बारीक कणांनीं छिद्रें बुजतात आणि मुरावयाचें पाणी उतारानें धावूं लागतें. वेग दुप्पट झाला, कीं त्याची गतिशक्ति चौपट होते. ओघळीची घळ होते ती अशी.

म्हणून कापणीच्या माथ्यावर आडवा चर आधीं, खोदाई मागाहून. मृगापूर्वीं झांकतां येईल तेवढाच डोंगर सोलावा. सौम्य उतारावर भाताचा पेंढा दाबून बसविला तरी चालतो. उभ्या उतारास काथ्याची जाळी व तीतून उगवणारें गवत हवें. कंत्राटदार हा खर्च बहुधा शेवटीं धरतात, ही विचित्र काटकसर होय.

एवढें करूनहि गढूळ पाणी येतेंच. तें खड्ड्यांत थांबवावें. वाळू लौकर तळाशीं बसते, चिकणमाती मात्र तासन् तास तरंगते. तीच खालच्या खाचरांत शिरून लावणीचें कोंवळें रोप गाडते. खड्डा भरला, कीं निरुपयोगी. जोराच्या प्रत्येक सरीनंतर तो उपसावा, आणि निघालेला गाळ पुन्हां उतारावर लोटूं नये.