खारपाणपट्ट्यात जिप्सम का टाकतात? उत्तर आहे आवर्तसारणीत

शेगाव-संग्रामपूरकडची काळी जमीन पाहिली आहे का? पाऊस पडला की पाणी वरच साचतं, चिखल होतो. वाळली की तीच जमीन दगडासारखी टणक. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. अशी जमीन चोपण झाली की जिप्सम टाकण्याचा सल्ला मिळतो. का? दहावीतली आवर्तसारणी आठवा.

सारणीतला उभा रकाना म्हणजे गण. सोडियम पहिल्या गणात आहे. त्याचे ११ इलेक्ट्रॉन २, ८, १ असे मांडलेले असतात. बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन दिला की भरलेलं कवच उरतं. म्हणून सोडियमच्या आयनावर एक धनप्रभार येतो. शेजारच्या दुसऱ्या गणातल्या कॅल्शियमची मांडणी २, ८, ८, २. तो दोन इलेक्ट्रॉन देतो, म्हणून त्याच्यावर दोन धनप्रभार. उजवीकडे, १७व्या गणातल्या क्लोरीनला (२, ८, ७) एकच कमी पडतो. तो एक घेतो आणि ऋणप्रभारित होतो. मधल्या गणांतल्या लोखंडासारख्या धातूंचा हिशेब मात्र इतका सरळ नसतो.

आता शेतात या. चिकणमातीच्या कणांवर ऋणप्रभार असतो, त्यामुळे धन आयन त्यांना चिकटतात. दोन प्रभारांचा कॅल्शियम कणांना घट्ट बांधून ठेवतो. त्यांचे बारीक खडे बनतात, मधल्या फटींतून पाणी आणि हवा खेळते. सोडियमचा प्रभार एकच, शिवाय त्याच्याभोवती पाण्याचे रेणू जमतात. त्याची पकड सैल. सोडियम वाढला की कण सुटे होतात, फटी बुजतात आणि पाणी मुरेनासं होतं.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातला एक कॅल्शियम आयन मातीच्या कणांवरच्या दोन सोडियम आयनांची जागा घेतो. सुटलेला सोडियम पाण्याबरोबर वाहून जातो.

पण पाण्याला बाहेर वाट हवी. चर काढून निचरा केला नाही, तर सोडियम तिथेच राहतो आणि जिप्समचा खर्च वाया जातो. किती टाकायचं, हे माती परीक्षणाच्या अहवालावरूनच ठरवा. आणि एक लक्षात ठेवा: जिप्समने माती सुधारते, विहिरीचं खारं पाणी गोड होत नाही.