रक्तपिपासूंचा सिनेमा आणि शुद्ध रक्ताचे खूळ

बारामती-इंदापूर भागात इंग्रजी मारधाडीच्या सिनेमाचे वेड आजचे नाही. जत्रेत तंबू टॉकीज यायची. जयंतीच्या दिवसांत वर्गणी काढून भाड्याचा कलर टीव्ही आणि व्हीसीआर वस्तीत आणला जायचा, आणि दोन हिंदी सिनेमांच्या मध्ये एखादी इंग्रजी कॅसेट हमखास लागायची. भाषा कळली नाही तरी ठोसा कळायचा! पुढे केबलवर हे सिनेमे हिंदी बोलू लागले आणि आता ते पहिल्या पाळीहून परतणाऱ्या एमआयडीसीतल्या पोराच्या मोबाईलमध्ये आहेत. त्यांतलाच एक ‘ब्लेड टू’. सन २००२ चा हा सिनेमा १९९८ च्या ‘ब्लेड’चा पुढचा भाग. माणसाचे रक्त पिऊन जगणारे, उन्हात जळून जाणारे ते व्हॅम्पायर, आणि त्यांना शोधून मारणारा ब्लेड, असा सगळा मामला.

घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, हे भुताखेतांचे थेर आपण कशाला बघायचे? ज्या अंधश्रद्धेतून बाबासाहेबांनी आपल्याला बाहेर काढले ती पुन्हा पडद्यावरून घरात घ्यायची का? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे शेतीची वीज रात्रीची येते, उसाला पाणी द्यायला माणूस अंधारात जातो, आणि त्याला साप-बिबट्यापेक्षा चकवा आणि मुंजाच जास्त सांगितला जातो. गंमत अशी की आपल्याकडच्या भुतांनाही जात आहे. मुंजा म्हणजे मुंज झालेल्या बामणाच्या पोराचे भूत, ब्रह्मराक्षस तर नावातच आला. मेल्यावरही वर्ण सुटत नाही!

पण वाचकहो, भुताच्या सिनेमात भूत कसे मरते हे नीट बघावे. त्यावरून तो सिनेमा प्रेक्षकाच्या डोक्यात काय सोडून जातो ते कळते. रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) सामरी नावाच्या सैतानाला आवरायला शंकराचा त्रिशूळ लागतो. आपल्या लाडक्या ‘झपाटलेला’त (१९९३) तात्या विंचूचा जीव बाहुल्यात शिरतो तो मृत्युंजय मंत्राने. महेश कोठारे यांचा तो सिनेमा मराठी माणसाला तोंडपाठ आहे, रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज विसरता येत नाही, पण मंत्र तो मंत्रच.

‘ब्लेड’मध्ये मंत्र नाही. क्रॉस दाखवून काही होत नाही, हे पहिल्याच भागात ब्लेडचा म्हातारा साथीदार व्हिसलर सांगून टाकतो. व्हॅम्पायर होणे हा शाप नसून रोग आहे, चाव्यातून पसरणारा. त्यावर उपाय शोधते ती रक्ताची तज्ज्ञ असलेली एक काळी डॉक्टर बाई. ई.डी.टी.ए. नावाचे रसायन व्हॅम्पायरच्या रक्ताचा स्फोट घडवते हे ती शोधून काढते. हे रसायन खरे आहे. दवाखान्यात आपले रक्त जांभळ्या टोपणाच्या ज्या नळीत घेतात, त्या नळीत ते गोठू नये म्हणून हेच असते. दुसऱ्या भागात तर मेलेल्या राक्षसाचे चक्क शवविच्छेदन होते. काळजाभोवती हाडाचे कवच आहे, समोरून वार चालणार नाही, बाजूने करावा लागेल, हे चिरफाड करून ठरते. चांदी चालत नाही, लसूण चालत नाही, मग काय चालते? प्रकाश. अतिनील किरणांचे दिवे आणि बाँब घेऊन मंडळी गटारात उतरतात. सगळे थोतांडच, पण थोतांडाची रीत प्रयोगशाळेची आहे.

आता गोष्ट. दुसऱ्या भागात रीपर नावाची नवी जात उभी राहिली आहे. हनुवटी मधून दुभंगते आणि आतून जबडा बाहेर येतो. (जेवताना बघू नये.) ते माणसांनाही खातात आणि व्हॅम्पायरांनाही. त्यांचा म्होरक्या नोमॅक. घाबरलेले व्हॅम्पायर मग आपल्या हाडवैऱ्याकडे, म्हणजे ब्लेडकडेच, मदत मागायला येतात. ब्लेडला मारण्यासाठीच तयार केलेली टोळी आता त्याच्याच हुकुमात चालणार! या एका कल्पनेवर अर्धा सिनेमा झकास चालतो. टोळीतला रॉन पर्लमनचा राईनहार्ट पहिल्याच भेटीत ब्लेडच्या काळ्या रंगावरून टोमणा मारतो. ब्लेड आवाज चढवत नाही. तो त्याच्या डोक्याच्या मागे एक स्फोटक चिकटवतो आणि त्याचे बटण स्वतःजवळ ठेवतो. पुढे सिनेमाभर त्या माणसाची जीभ जपून चालते. असे प्रसंग आपल्या पोरांना का आवडतात हे वेगळे सांगायला नको.

ब्लेडची भूमिका करणारा वेस्ली स्नाइप्स हा काळा नट, कराटेत मुरलेला, आणि या सिनेमांचा एक निर्माताही. ब्लेड हे पात्र मूळचे चित्रकथेतले, १९७३ सालचे. ते मार्व वुल्फमन आणि जीन कोलन या दोन गोऱ्यांनी घडवले. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईत, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन, दलित पँथर उभी राहिली होती. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण काळ एक होता एवढे खरे. गरोदर आईला व्हॅम्पायर चावला म्हणून ब्लेड अर्धा माणूस, अर्धा व्हॅम्पायर. उन्हात फिरू शकतो, पण रक्ताची तहान औषधाने दाबून ठेवावी लागते. दोन्हीकडचे त्याला आपला म्हणत नाहीत.

आणि इथेच हा सिनेमा नुसत्या करमणुकीच्या पुढे जातो. पहिल्या भागात व्हॅम्पायरांतही दोन वर्ग दाखवले आहेत. जन्माने व्हॅम्पायर ते शुद्ध रक्ताचे, त्यांची पंचायत. चाव्याने झालेले ते खालचे. खलनायक फ्रॉस्ट दुसऱ्या वर्गातला. भर पंचायतीत त्याच्या जन्माचा उद्धार होतो तेव्हा क्षणभर आपण खलनायकाच्या बाजूने होतो. दुसऱ्या भागात हाच धागा घराच्या आत येतो. व्हॅम्पायरांचा राजा डॅमस्किनोस याला निर्दोष, शुद्ध वंश हवा आहे, चांदीला न भिणारा, उन्हाला न भिणारा. त्यासाठी तो प्रयोग करतो. नोमॅक कुठून आला? तो या म्हाताऱ्याचाच मुलगा! बापाने प्रयोगाला वापरला आणि फसला म्हणून टाकून दिला. वंशाच्या शुद्धतेपुढे त्याला मुलगीही नकोशी होते. जातीबाहेर लग्न केले म्हणून पोटच्या पोरीचा जीव घेतल्याच्या बातम्या महाराष्ट्रात आजही येतात. त्या वाचलेल्या माणसाला डॅमस्किनोस परका वाटत नाही. १९३६ च्या ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’मध्ये बाबासाहेबांनी रक्तशुद्धीचा हा दावा खोडून काढला होता. निरनिराळ्या वंशांच्या रक्ताची सरमिसळ जाती बनण्याच्या कितीतरी आधीच झाली होती, हे त्यांनी दाखवून दिले. सिनेमाची सुरुवातही रक्तपेढीतच होते. जयंतीच्या रक्तदान शिबिरात बाटलीवर ए, बी, ओ लिहितात, तिथे पोटजातीला रकाना नसतो. असो.

दिग्दर्शक गियेर्मो देल तोरो मेक्सिकोचा. पुढे त्याला ऑस्करही मिळाले, पण ‘ब्लेड टू’मध्ये तो विचार मांडायला थांबत नाही, मारामारीकडे धावतो. पहिल्या भागातली ती पंचायत जास्त टोचते. दुसऱ्यात राक्षस जास्त चांगले आहेत, विचार कमी. काही हाणामाऱ्यांत संगणकावरची माणसे रबरासारखी उड्या मारतात, ते हास्यास्पद दिसते. पहिल्या भागात मेला असे वाटलेला व्हिसलर दुसऱ्यात जिवंत निघतो आणि एका रात्रीत बराही होतो. पुढच्या भागांची ही जुनी खोड आहे. आपला तात्या विंचूही २०१३ साली ‘झपाटलेला २’मध्ये उठून आलाच, तोही थ्रीडीत. प्रेक्षकाला ओळखीचा चेहरा हवा असतो, मग मेलेल्याला कोण विचारतो?

बाईचे पात्र मात्र दमदार आहे. डॅमस्किनोसची मुलगी निस्सा टोळीची म्होरकी आहे, शवविच्छेदन तीच करते आणि शेवटी बापाची पळवाट तीच बंद करते. एवढे करून तिला मरावे लागते, ही लेखकाची कंजुषी म्हणायची.

रक्तपिपासूंच्या गोष्टीतून वर्गाची गोष्ट सांगता येते हे आता इकडेही कळू लागले आहे. आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’त (२०२२) डोंबिवलीचे टॉवर आणि शेजारची झोपडपट्टी समोरासमोर आहेत. त्यांनीच पुढे ‘मुंज्या’ (२०२४) आणि व्हॅम्पायरांवरचा हिंदी ‘थामा’ (२०२५) केला. स्नाइप्सही २०२४ च्या ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’मध्ये पुन्हा ब्लेड होऊन आला.

लहान मुलांना मात्र हा सिनेमा दाखवू नये. अमेरिकेतही १७ वर्षांखालच्यांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नव्हता. कॉलेजातल्या पोरांसोबत आई-वडिलांनी जरूर बघावा, पहिला भाग आधी, दुसरा नंतर. मारामारीच्या भरात पोरे शेवटी उठून जातात, त्यांना बसवून ठेवावे. निस्साला रोगाची लागण झालेली असते, रीपर होण्याआधी तिला ऊन बघायचे असते. ब्लेड तिला उचलून बाहेर नेतो. ज्या उन्हाला तिची सगळी जमात जन्मभर भ्याली ते उगवते, आणि ती त्याच्याकडे बघत राख होते.